दोन बोटं फोम

९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही फोन ठेवता. परवा दोनदा ठेवलात. तिसऱ्यांदा आईने उचलला आणि तुम्ही आंघोळीला गेलात म्हणून सांगितलं. मागे तुमचं खाकरणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. पत्राचं तसं नाही. हातात पडलेला कागद वाचल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, मग तो औषधाच्या बाटलीवरचा का असेना.

आधी खुशाली. मी बरी आहे, म्हणजे डॉक्टरीणबाई जेवढी बरी राहू देतात तेवढी. बाळंतपणाला अजून दीड महिना आहे आणि तोवर पलंगावरून उठायचं नाही, जिना तर अजिबात उतरायचा नाही, असं त्यांनी बजावलं आहे. आमच्या एक्स-रे विभागात पोटुशी बाईला मशीनपाशी उभंच करत नाहीत, म्हणून मला चार महिन्यांपूर्वीच बाहेरच्या टेबलावर बसवलं होतं. आता तेही टेबल सुटलं. तुमचे जावई उजाडायच्या आत छापखान्यात जातात आणि तुमची नात दिवसभर माझ्या पलंगाभोवती तिच्या नावाप्रमाणे फिरते. तिला भिंगरी नाव तुम्हीच ठेवलंत, त्याची फळं मी भोगते आहे. ठरल्याप्रमाणे तुम्ही दोघं गाडी घेऊन येणार आणि बाळंतपण होईपर्यंत तिला तिकडे नेणार, ह्यात मला आनंदच आहे. पण तो सात तासांचा रस्ता आहे आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तुमच्याकडे आलो होतो. तेव्हा भिंगरीची गाडीतली खुर्ची तुम्ही कोणाला न विचारता काढून दुकानात नेलीत. परत आणलीत तेव्हा ती ओळखू येत नव्हती. पिवळं रेक्झिन, तांबडा गोट, पाठीवर ससा. बुडाखाली जाड गादी, आणि खांद्यावरच्या पट्ट्यांना आतून दोन बोटं जाडीचा फोम, दाभणाने पक्का शिवलेला. पट्टे रुततात म्हणून पोर रडते, ते तुम्हाला बघवलं नाही. घरात सगळ्यांनी वाहवा केली. सलूनवाले काका तर दुकान उघडं टाकून बघायला आले.

परतताना मोठ्या रस्त्यावर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, म्हणून जावयांनीही मारला. गाडीला गाडी लागली नाही, कोणाला खरचटलं नाही. मी मागे वळून बघितलं तर भिंगरी खुर्चीत अर्धीच होती. कंबर पट्ट्याखालून घसरून पुढे आलेली, पाय खाली लोंबत होते आणि खांद्याचा पट्टा गळ्यापाशी. ती हसत होती, तिला घसरगुंडी वाटली. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिला सोडवायला गेले, तर माझ्या बोटांना ते बक्कल उघडेना. बाबा, ट्रक आणखी थोडा जवळ असता तर काय झालं असतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या खोलीत त्याचे फोटो निघतात.

फोम दाबला जातो. म्हणून तर लोक पैसे देऊन तुमच्याकडून त्याच्या गाद्या करून घेतात. त्याच्यावरून पट्टा आवळला की वरून घट्ट दिसतो. धक्का बसला की फोम चपटा होतो आणि पट्टा सैल. पट्टा नुसत्या अंगावर हवा, पातळ कपड्यावर. खांद्याजवळ तो चिमटीत धरायला गेलं तर चिमटीत येता कामा नये, इतका लगत. तिला जाड स्वेटर घालूनसुद्धा बांधायचं नसतं. आणि ज्या पट्ट्यावर तिचा जीव तोलायचा, तो तुम्ही दाभणाने ठिकठिकाणी भोसकलात. एवढी वर्षं गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या माणसाला हे सुचू नये, ह्याचा मला संताप येतो. कोणा परक्याने केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन भांडले असते. तुमच्या दारात येता येत नाही म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे अशी मुलं येतात, तेव्हा आईबापांची वाक्यं ठरलेली असतात. जवळच तर जायचं होतं. रडत होती म्हणून मांडीवर घेतली. कोणी असं म्हणत नाही की आम्हाला तिची पर्वा नव्हती. सगळ्यांना पर्वा असते, आणि मी त्या पोराचा हात मशीनखाली सरळ धरायला सांगते.

ती खुर्ची मी टाकून दिली, ससा धरून. नवी आणली आहे. भिंगरीला तुमच्याबरोबर पाठवायची तर मला तुमच्याकडून लेखी हवं, की नव्या खुर्चीला सुई लागणार नाही आणि वाटेत तिला पट्ट्याबाहेर काढून मांडीवर घेतलं जाणार नाही. दोन ओळी पुरेत. आईला नमस्कार.

तुमच्यावर रागावलेली, पण तुमचीच,
बबी

१४ फेब्रुवारी

चि. बबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने चष्मा आणून दिला आणि समोर बसून राहिली, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

इथल्या निम्म्या वाहनांत लोक माझ्या शिवणीवर बसतात. शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका, त्या तुझ्या डॉक्टरीणबाईंसारख्या कितीतरी डॉक्टरांच्या गाड्या. रेक्झिन फाटलं म्हणून गिऱ्हाईक परत आलं असेल, फोम बसला म्हणून आलं असेल, पण टीप उसवली म्हणून आजवर एक माणूस ह्या दुकानाची पायरी चढलेला नाही. तू ह्याच दुकानात कातरणांच्या ढिगावर झोपून मोठी झालीस. आता फोम म्हणजे काय ते मला तू शिकव. कालची पोर आणि बापाला अक्कल.

माझी शिवण उसवली होती का? तुझ्या पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही, मी दोनदा शोधलं. मग माझ्यावर एवढी आग कशासाठी? ब्रेक जावयांनी मारला, ट्रक कोणा भलत्याचा, खुर्ची कारखान्याची, आणि दोष कोणाचा, तर म्हाताऱ्याचा.

ती कारखान्याची खुर्ची तू कधी हातात घेऊन बघितलीस का? मी सगळी उसवून बघितली. आत फोमच्या नावाखाली पापुद्रा आहे. पट्ट्यांच्या कडा अशा कडक, की माझा अंगठा सोलवटला. मी जर कोणाला अशी सीट शिवून दिली तर ते गिऱ्हाईक ती माझ्या डोक्यात घालेल. पोरीच्या मानेवर वळ उठले होते. ते कोणी बघितले? मी बघितले. ती माझ्याकडे दोन्ही हात करून आजोबा काढ, आजोबा काढ म्हणून रडत होती आणि तुम्ही दोघं पुढे बसून रस्ता बघत होतात. ते ऐकायला एक्स-रेचं मशीन लागत नाही, कान लागतात. तिचं रडणं मला सहन होत नाही. हा जर गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे.

तुला मी स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडायचो. तुझा दादा आजोळी जाताना आख्खा रस्ता आईच्या मांडीवर असायचा. तेव्हा कुठे होत्या ह्या खुर्च्या? दोघंही धडधाकट आहात, बापाला कागदावर सही मागण्याइतके.

आणि ते लेखी. मी ह्या धंद्यात कोणालाही लेखी काही दिलेलं नाही. माझ्या शब्दावर लोक गाड्या सोडून गावाला जातात. पोटच्या पोरीने बापाकडून कबुलीजबाब मागावा, एवढे दिवस आले असतील तर राहू दे. पाठवायची असेल तर नात पाठव, नसेल तर ठेव तुझ्या पलंगाभोवती. मी लिहून देणार नाही.

प्रकृतीला जप. रागावून पलंगावरून उठू नकोस, तुझी ती सवय आहे.

कळावे.
बाबा

२१ फेब्रुवारी

चि. बबीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचं पत्र तुला पोचलं असेलच. पाकीट मी चिकटवलं, पण आत काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही. न दाखवताच समजलं, कारण लिहिताना ते मोठमोठ्याने वाचत होते.

मी तुम्हा दोघांना अगदी कंटाळले आहे. तू बापाची लेक आहेस ह्यात शंका घ्यायला जागा नाही. दोघांच्याही नाकावर राग, दोघांचंही आपलंच खरं. मध्ये तीन वर्षांची पोर, आणि पलीकडे अजून जन्मालाही न आलेलं एक. आता मी जे लिहिते आहे ते तुला लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे. म्हणून मी सकाळी भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडून बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर लावून घे.

तुला पत्र टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी ते उठून कोपऱ्यावरच्या दंतवैद्यांकडे गेले. त्यांच्या मुलाची जुनी खुर्ची माळ्यावर पडून होती, साधारण भिंगरीची होती तसलीच. ती दुकानात आणली. कापलेल्या प्रत्येक कामाचा कागदी नमुना ते जपून ठेवतात, तुला ठाऊक आहे. भिंगरीच्या खुर्चीचा नमुना खुंटीला होता. त्यावरून जसंच्या तसं काम परत केलं, तीच गादी, पट्ट्यांना तोच फोम. फक्त ह्या खेपेला ससा नव्हता. मी विचारलं की हे कोणासाठी, तर म्हणाले की तुझ्या लेकीचं तोंड बंद करण्यासाठी.

मग एक पोतं घेतलं, त्यात वाळू भरली आणि दोन्ही हातांनी उचलून, छातीशी धरून बघितलं. जरा काढली, जरा घातली. भिंगरीला उचलल्यावर हाताला जेवढी लागते तेवढी झाल्यावर पोत्याचं तोंड शिवलं आणि मधोमध दोरी आवळून त्याला कंबर केली. ते खुर्चीत बसवून पट्टे आवळले आणि मला म्हणाले, साक्षीदार म्हणून शेजारी बस. दुकानामागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. मी कितीही नको म्हटलं तरी त्यांनी वेग घेतला आणि करकचून ब्रेक दाबला.

पोतं सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळलं आणि फुटलं. गाडीभर वाळू. माझ्या चपलांतून अजून निघते आहे.

ते म्हणाले की पोतं नीट भरलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी मनात म्हटलं, तोंडाने नाही. परत भरलं, परत शिवलं, पट्टे त्यांनी अंगठा पांढरा होईस्तोवर आवळले. परत तेच झालं, पोतं घसरून खालून निघालं. तिसऱ्या खेपेला मी गाडीत बसायला नकार दिला आणि कडेला उभी राहून बघितलं.

नंतर ते मागच्या सीटपाशी वाकून पट्टे बघत राहिले. बराच वेळ. मी जवळ गेले तर बोट फिरवून दाखवलं, एकही टीप हलली नव्हती. शिवण जशी घातली तशी होती. ती धरून राहिली आणि पोतं निघून गेलं. त्या पोत्याचं वजन त्यांनी छातीशी धरून ठरवलेलं होतं, बबी.

मग त्यांनी ब्लेडने सगळा फोम उसवून काढला. गादीही काढली. मूळ पापुद्रा लावून, पट्टे नुसते पोत्यावर आवळून परत एकदा फेरी मारली. पोतं जागचं हललं नाही.

त्या दिवशी जेवले नाहीत. मी विषय काढला तर म्हणाले, बबीला एक अक्षर लिहायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून राग आहे तो आहेच, फक्त त्याने तोंड फिरवलं आहे. सलूनवाल्यांचा धाकटा गाडीत दोन सीटच्या मध्ये उभा राहून जातो. परवा त्यांच्या गाडीपुढे हे हात पसरून उभे राहिले आणि पोराला मागे बसवून पट्टा लावल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. रस्त्यावर इतके ओरडले की सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात तसं ते होतं, फक्त इथे सून आणि लेक दोन्ही हेच.

तुला लेखी ते देणार नाहीत, ते माझ्याकडून लिहून घे. पण आम्हाला येऊ दे. मी तुझ्या बाजूने आहे, पण दुसऱ्या बाजूला राहायलाही मीच आहे, हे ध्यानात ठेव. हे पत्र वाचून फाडून टाक आणि तुला कळलंय असं त्यांना दाखवू नकोस.

तुम्हा तिघांची आठवण काढणारी,
आई

२५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मला इतका राग आला, की डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला आणि घरात कोण येऊन गेलं ते विचारलं. मी सांगितलं की टपाल आलं होतं.

स्कूटरवर तुम्ही मला पुढे उभी करून नेत होतात आणि मला काही झालं नाही, हे खरं आहे. ज्यांना झालं ती मुलं मोठी होऊन बापाला पत्रं लिहीत नाहीत. म्हणून आपल्याला सगळीकडे धडधाकटच दिसतात. हे एवढं सोडून तुमच्या बाकीच्या मुद्द्यांना मी उत्तर देत नाही.

लेखी मागितलं होतं, ते आता मागत नाही. येत्या शनिवारी या आणि रविवारी तिला घेऊन जा. नव्या खुर्चीवर तुम्ही सुई चालवाल अशी मला भीती नाही. ती का गेली हे विचारू नका.

माझी भीती वेगळी आहे, ती सरळच लिहिते. भिंगरी रडेल. पहिला तासभर गाणी म्हणेल आणि मग पट्टे काढ म्हणून रडायला लागेल, घसा बसेपर्यंत. तिला उपाय माहीत आहे. आमच्यापुढे तिची मात्रा चालत नाही, तुमच्यापुढे चालते. तिचं रडणं सहन होत नाही असं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, आणि ते वाक्य मी रोज वाचते. शिवणीत तुम्ही हार जाणार नाही, पण तिच्यापुढे जाल. आई तर तुमच्याही आधी जाईल. मला जिना उतरता येत नाही. ती बांधलेली आहे की नाही, हे मी खिडकीतूनसुद्धा बघू शकणार नाही, आणि पुढच्या सात तासांत तर नाहीच. तुमच्यावर सोडण्यावाचून मला गत्यंतर नाही, ह्याचाही मला रागच येतो.

गाडी थांबवा, तिला उतरवा, फिरवा, कितीही उशीर होऊ द्या. पण गाडी चालू असताना ती पट्ट्यातच हवी. एवढं एकदा माझं ऐका.

जावई घरीच असतील. खुर्ची बसवायला ते मदत करतील. तुम्ही जे सांगाल ते त्यांना पटतं, म्हणून मी त्यांना वेगळं बजावून ठेवलं आहे.

काळजीत असलेली,
बबी

२ मार्च

चि. बबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास पोचलो. तिघंही सुखरूप. आईने फोन केलाच, पण तिने कोणाची बाजू घेतली असेल ह्याचा मला भरवसा नाही, म्हणून माझी बाजू कागदावर घालतो.

खुर्ची जावयांनी आणि मी मिळून बसवली. त्यांनी तिच्यात गुडघा रोवला आणि मी गाडीचा पट्टा ओढला. मग बुडाशी धरून हलवली, जागची हलली नाही. भिंगरीच्या अंगात पातळ झबलं होतं. पट्ट्याला पीळ नव्हता आणि खांद्यापाशी चिमटीत आला नाही. चिमटी मी घेतली, मग जावयांना घ्यायला लावली, मग तुझ्या आईला. तू बघत नव्हतीस, म्हणून लिहितो.

पोत्याचं तुला कळलेलं आहे. भाजी आणायला बाहेर पडलेली बाई रिकाम्या पिशवीने परत आली, तेव्हाच मी समजलो. तर ऐक. फोम चुकला. शिवण चुकली नव्हती. ह्याच्यापुढे माझ्याकडून एक शब्दही निघणार नाही. मात्र त्या कारखानदाराला मी सोडणार नाही. पट्टा घट्टच हवा तर हवा, पण त्याच्या कडा मऊ करायला ह्यांना काय धाड भरली आहे? पोरांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या गळ्याशी काहीही आणून ठेवायचं का? मी त्यांना पत्र लिहितो आहे. तुला लिहिलं ते त्याच्यापुढे लोणी वाटेल.

आता रस्त्याचं. तू लिहिलं होतंस तसंच घडलं, अगदी गाण्यांसकट. मग तिला खांद्यावरचे पट्टे आठवले. आधी गोडीने सांगून बघितलं, मग मुसमुसून, मग जे सुरू झालं त्याला रडणं म्हणत नाहीत. आजोबा काढ. मी आरशात बघितलं, तर तिचे दोन्ही हात माझ्याकडे. बबी, खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला तू, जावई, ती खुर्ची आणि तो कारखाना, सगळ्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तुझी आई तिच्या शेजारी होती. तिचा हात बक्कलकडे गेलेला मी आरशात बघितला आणि तिच्यावर ओरडलो. असा ओरडलो की पोर क्षणभर गप्प झाली. आई अजून माझ्याशी कामापुरतं बोलते आहे.

गाडी कडेला घेतली, बंद केली, किल्ली खिशात घातली आणि मगच पट्टा सोडला. भिंगरीला उतरवून फिरवलं, पाणी पाजलं, दगड वेचू दिले. परत बसवताना तिने अंग ताठ केलं. तिला वाकवून खुर्चीत घालायला जो वेळ लागला, तेवढ्यात माझी आख्खी सीट शिवून झाली असती. पुढे गेलो, परत तेच. परत थांबलो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. सात तासांचा रस्ता, आख्खा दिवस गेला.

चहाच्या टपरीपाशी तिला बांधत होतो, ती किंचाळत होती, तेव्हा एका मोठ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. त्यांचं बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होतं. मला म्हणाले की आजोबा, जरा तरी दया करा, लेकराला मोकळं सोडा. मी त्यांना सांगितलं की दया आहे म्हणूनच बांधली आहे, आणि तुमच्या मांडीवरच्याची दया करायला कोणी आहे की मीच करू. बोलणं वाढलं. तुझ्या आईने मला दंडाला धरून गाडीत बसवलं. मागे वळून बघितलं तेव्हा त्या बाई बाळाला घेऊन मागच्या सीटवर जात होत्या. मागे जाऊन काय उपयोग, मांडीवरच ना. मी परत उतरणार होतो, आईने दार धरून ठेवलं.

शेवटच्या टप्प्यात भिंगरी रडली नाही. झोपलीही नाही. आरशात माझ्याकडे बघत बसली, डोळा न मिटता. त्याच्यापेक्षा रडणं बरं होतं. घरी पोचल्यावर मी बक्कल सोडलं आणि उचलायला हात पुढे केले, तर तिने माझे हात झटकले. आजीने उतरवलं. घरात येऊन तिने जाहीर केलं की हा आजोबा नको, दुसरा आणा. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसली. आज सकाळी मी दुकानात नेतो म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाली. ती जन्मल्यापासून असं एकदाही झालेलं नाही. दुकानात बसलो आहे, पण हात चालत नाही, म्हणून हे पत्र एवढं लांबलं.

ती झोपल्यावर मी तिचा खांदा उघडून बघितला. लाल रेघ उठली आहे, करंगळीएवढी. दोन दिवसांत जाईल. मी हात फिरवत बसलो होतो, मग आईने दिवा घालवला.

नातीचा लोभ सध्या बंद आहे. लेकीचा तरी चालू ठेवावा ही विनंती.

तुझे,
बाबा